पिद्दीची शिकवणी

लातूरच्या माणसाला कच्चं काही बघवत नाही. आंबा कच्चा दिसला की तो अढीत घालतो, पोरगं कच्चं दिसलं की क्लासला घालतो, आणि दोन्हीकडं रोज जाऊन दाबून बघतो, पिकलं का म्हणून. ह्यात शहराचं भलं झालं की वाटोळं, ह्यावर भांडणाऱ्यांनी खुशाल भांडावं. महेबूबची तक्रार एवढीच होती की त्याच्या मोबाईलमधलं एक पाखरू तरी ह्या लोकांनी कच्चं राहू द्यायला पाहिजे होतं. एक पाखरू! पिकवायला गावात हजारो पोरं पडली आहेत की.

महेबूब मूळचा नायगावचा. नववीत त्यानं शाळा सोडली की शाळेनं त्याला, ह्याबद्दल घरात दोन मतं आहेत. भूकंपाच्या पुढच्या वर्षी मामूनं त्याला लातूरला आणलं. मामू रेडिओ आणि घड्याळं दुरुस्त करायचा, आणि त्या वर्षी रेडिओंचा नुसता ढीग पडला होता. पत्र्याच्या शेडमध्ये राहणारी माणसं गोणपाटात बांधून ते घेऊन येत. ढिगाऱ्याखालून काढलेले, आत माती वाळून घट्ट बसलेली. पंधरा वर्षांच्या महेबूबला काम एकच, दाढीच्या ब्रशनं माती झटकायची. ब्रश कसा धरायचा एवढं मामूनं शिकवलं, बाकीचं तो बघून बघून शिकला. पुढं रेडिओ गेले, टेपरेकॉर्डर गेले, मोबाईल आले आणि एक दिवस मामूही गेला. दुकान तिथंच राहिलं, भोवतालचं गाव बदललं. शेजारची लाकडाची वखार गेली, तिथं क्लास आला. समोरची पिठाची गिरणी गेली, तिथंही क्लास आला. मग होस्टेल, मेस, अभ्यासिका, झेरॉक्स. आता त्याच्या गिऱ्हाइकांत दहातली नऊ पोरं डॉक्टर होणारी होती, आणि दहाही जणांच्या फोनची काच फुटलेली होती.

काच बदलली की टच चारही कोपऱ्यांत नीट चालतो का ते बघावं लागतं. इतर दुकानदार नुसतं बोट फिरवून फोन हातात देतात. महेबूब पोरांच्या फोनमधला एक गेम उघडायचा, कारण त्यात चारी कोपऱ्यांत बटणं होती. गेमचं खरं नाव इंग्रजी आणि लांबलचक होतं, गल्लीत त्याला राक्षसवाला गेम म्हणत. आत तीनशेवर प्राणी. कुणी आग ओकणारा, कुणी डोंगराएवढा. ते पाळायचे, लढवून लढवून त्यांची लेव्हल पन्नासपर्यंत न्यायची आणि मग दुसऱ्याच्या प्राण्यांशी त्यांची झुंज लावायची. प्रत्येकानं तीन प्राणी उतरवायचे, तिन्ही पडले की खेळ खलास. टच तपासता तपासता महेबूबला त्याची गोडी लागली, ती इतकी की त्यानं एक जुना फोन खास त्याच्यासाठी बाजूला काढला. वय वर्षं चाळीस. बायकोनं, शहजादीनं, कपाळाला हात लावला.

त्या गेममध्ये सगळ्यांत दुबळं एक पाखरू होतं. करड्या रंगाचं, अंड्यातून निघाल्यापासून घाबरलेलं. अंगात जीव मोजून अकरा. मोठ्या राक्षसांच्या अंगात दोनशे, अडीचशे. अंड्यातून हे निघालं की पोरं त्याला तिथल्या तिथं सोडून देत. महेबूबनं ते पाळलं आणि त्याचं नाव पिद्दी ठेवलं. शहजादीनं नाव ऐकलं आणि चहाचा कप काउंटरवर आदळत म्हणाली, "क्या पिद्दी, क्या पिद्दी का शोरबा!" त्यांच्या घरात दखनी चाले, दुकानात मराठी, आणि भांडण असलं की दोन्ही.

पण ह्या पिद्दीच्या जिवावर महेबूब भल्याभल्यांना आडवं करायचा. कसं, ते विचारायची चूक एखाद्या पोरानं केली की काच बसेपर्यंत त्याची सुटका नसे.

"ऐक, आन् दात काढू नको. पिद्दीच्या गळ्यात मी ताईत बांधलाय. कितीबी मोठा मार बसू दे, ह्या ताइतानं तिचा एक जीव वाचतो. एकदाच, पण वाचतो. राक्षस आला, त्यानं हाणलं, पिद्दीत उरला एक जीव. आता पाळी पिद्दीची. तिला एकच विद्या येती, 'बरोबरी'. बरोबरी केली की समोरच्याचा जीव हिच्याएवढा. अडीचशेचा झाला एक! मंग ही टोचती. हिचं टोचणं त्याचा हात उचलायच्या आत लागतं. एक जीव तर राहिलाय त्याच्यात. गेला राक्षस."

"मग काका, लेव्हल वाढवा ना तिची थोडी. अजून भारी होईल."

इथं महेबूबचं डोकं सटकायचं. "आरं, ताईत फक्त पहिल्या लेव्हलच्या पिल्लाच्या गळ्यात बसतो! दुसरी लेव्हल लागली की गळून पडतो. तिला काही म्हणता काही शिकवायचं न्हाई, हीच तर त्यातली हुशारी हाय. दोन तास झाले सांगून राहिलो तुला!"

दोन तास झालेले नसत, दहा मिनिटं झालेली असत. पण पोरगं मान हलवून निघून जायचं आणि दुसऱ्या दिवशी दुसरं पोरगं तोच प्रश्न घेऊन यायचं. लेव्हल वाढवा ना काका. जसं काही ह्या गावात दुसरा प्रश्नच उरला नव्हता. पहिलाच राक्षस असा पाखराच्या चोचीनं गेला की समोरच्याचं डोकं फिरायचं, आणि डोकं फिरलेला माणूस उरलेले दोन आपल्या हातानंच घालवायचा. मे महिन्यात ह्या गेमच्या स्पर्धेची लातूरची फेरी झाली तेव्हा महेबूब ओळीनं चार झुंजी जिंकला आणि नांदेडच्या फेरीला गेला. सगळ्यांत मोठ्या वयाचा तोच.

ह्या सगळ्याला एक साक्षीदार होता, व्यंकटी मास्तर. शेजारच्या क्लासमध्ये रिपीटर बॅचला, म्हणजे परीक्षेत पडून पुन्हा बसणाऱ्यांना, ते फिजिक्स शिकवत. दुपारी दोन ते चार त्यांना तास नसे, तेव्हा ते महेबूबच्या दुकानातल्या स्टुलावर येऊन बसत. ही बैठक वीस वर्षांची. माणूस देवाघरचा, पण शिकवण्याचा रोग जडलेला. चहावाल्याला सांडशी कशी धरायची ते शिकवलं, शहजादीला कुकरच्या शिट्टीमागचं शास्त्र शिकवलं. महेबूबला ते वीस वर्षं विजेचे नियम शिकवत होते आणि महेबूब वीस वर्षं त्यांचा मिक्सर दुरुस्त करून देत होता.

मास्तर औशाकडच्या भूकंपातल्या गावचे. त्या पहाटे गावातली दगडामातीची, माळवदाची घरं बसली आणि माणसं खाली गेली. मास्तरांचं घर गावाबाहेर, तुराट्यांच्या कुडाचं. तेही पडलं, पण त्यांच्या आईनं अंगावरचा कूड बाजूला सारला आणि पदर झटकत ती बाहेर आली. घरातलं एक माणूस गेलं नाही. मास्तर हे क्वचित सांगत, आणि सांगितलं की आपण काही चोरून आणल्यासारखं तोंड करत. त्याच महिन्यात त्यांनी पत्र्याच्या शेडमध्ये पोरांना गोळा करून शिकवायला सुरुवात केली, ती आजपर्यंत थांबली नव्हती.

"मास्तर, तुम्हाला तर पिद्दी कळायला पाहिजे," महेबूब म्हणायचा. "भक्कम होतं ते बसलं. तुमचं कच्चं होतं म्हून तुम्ही हाव."

"ते नशीब होतं, महेबूबभाई. नशिबाच्या भरवशावर पोरगं सोडता येत न्हाई," मास्तर म्हणायचे, आणि फोनमधल्या पिद्दीकडं अशा नजरेनं बघायचे की महेबूब फोन उलटा करून ठेवायचा.

महेबूबला एकच लेक, मनतशा. वय एकोणीस, अंगानं किरकोळ, बोलायला त्याहून किरकोळ. ती मास्तरांच्याच बॅचमध्ये होती. बारावीनंतर एकदा नीटला बसली, नाही झालं. वर्षभर क्लास करून परत बसली. जूनमध्ये निकाल लागला, एकवीस मार्क वाढले होते. सरकारी कॉलेजला अजून दीडशे कमी होते. महेबूबनं एकवीसच ऐकले.

"वाढले का न्हाई? एका वर्षात एकवीस! अजून एक वर्ष, बेटा."

"पाया पक्का झालाय तिचा," मास्तर स्टुलावरून म्हणाले. "आता फक्त वर चढवायचं."

महेबूबनं गेली सात वर्षं दुकानात येणाऱ्या प्रत्येक आईबापाला सांगितलं होतं की माझी लेक डॉक्टर होणार. ज्या गल्लीत रोज दुसऱ्यांच्या लेकरांच्या काचा बसवायच्या, तिथं आपलं लेकरू मागं राहिलेलं त्याला सोसवत नव्हतं. खरं सांगायचं तर तो आपली नववी तिच्याकडून भरून काढत होता, पण हे त्याला कुणी सांगितलं असतं तर त्यानं दुकानाचं शटर ओढलं असतं.

मनतशा काउंटरच्या आत बसून एका फोनचे स्क्रू डबीत भरत होती. ती मान वर न करता म्हणाली, "अब्बू, एक अट घालू?"

"घाल की."

"नांदेडला तुमची पिद्दी पहिली झुंज जिंकली, तर मी तिसऱ्यांदा बसते. एक शब्द बोलणार न्हाई. हरली, तर क्लास बंद. मी उदगीरला लॅबच्या कोर्सला जाणार, रक्त तपासायच्या."

महेबूबला हसूच आलं. पहिलीच झुंज! साऱ्या लातुरात पिद्दीला कुणी हरवलं नव्हतं. हे म्हणजे पोरीनं त्याला अडचणीतून बाहेर पडायला आपणच दार काढून दिल्यासारखं झालं. त्यानं काउंटरवरून हात पुढं केला, तिनं त्यावर हात मारला, आणि मास्तर साक्षीला होतेच.

नांदेडची फेरी जुलैच्या एका रविवारी होती. त्याच आठवड्यात नायगावला महेबूबच्या चुलत भावाच्या मुलीचं लग्न निघालं. बुधवारी जायचं, शनिवारी वलीम्याचं जेवण. लग्नात पोरांचं लटांबर असतं आणि फोन दिसला की त्यावर तुटून पडतं, हे महेबूबला ठाऊक होतं. मागच्या लग्नात एकानं त्याचा फोन सरबतात बुडवला होता. म्हणून त्यानं पिद्दीचा फोन दुकानातल्या खणात ठेवला आणि मनतशाला बजावलं, "मी नायगावहून सरळ नांदेडला येतो. रविवारी तू आन् मास्तर हा फोन घेऊन या. चार्ज करून आण. बाकी हात लावू नको."

"मी न्हाई लावणार," मनतशा म्हणाली.

रविवारी महेबूब अकरा वाजताच नांदेडला पोचला. फेरी एका मंगल कार्यालयात होती. आदल्या दिवशीच्या लग्नाची कमान तशीच उभी होती आणि तिच्याखाली पोरं फोन घेऊन बसली होती. समोरच्या थांब्यावर लातूरची एसटी आली. मनतशा उतरली, मागोमाग मास्तर. त्यांनी इस्त्रीचा शर्ट घातला होता आणि चेहऱ्यावर बोर्डाच्या निकालाच्या दिवशी असतं तसं हसू होतं.

"एक गंमत हाय, महेबूबभाई," ते म्हणाले. "आत गेल्यावर बघा."

महेबूबनं लक्ष दिलं नाही. त्याचं सगळं ध्यान झुंजीत होतं. नाव नोंदवायच्या टेबलावर एक मुलगी प्रत्येकाचा फोन घेऊन तिन्ही प्राणी वाचून दाखवत होती आणि कागदावर लिहून घेत होती.

"शेख महेबूब, लातूर. पहिला प्राणी, पिद्दी. लेव्हल चौदा."

"एक," महेबूब म्हणाला. "लेव्हल एक."

"चौदा, काका. बघा."

महेबूबनं बघितलं. पिद्दीच्या डोक्यावर लाल तुरा आला होता. छाती पुढं आली होती. गळ्यात ताईत नव्हता. विद्येच्या रकान्यात 'बरोबरी' नव्हती, तिथं 'पंखांचं वादळ' असं काहीतरी आलं होतं. एखाद्याच्या घरात शिरावं आणि भिंतीवर भलत्याच माणसाचा फोटो असावा, तसं त्याला झालं.

"बघितलं?" मागून मास्तर म्हणाले. आवाजात नुसता आनंद. "चार दिवस बसलो मी हिच्यासंगं. रोज दोन ते चार, शनिवारी तर क्लास सुटल्यावरबी. पहिल्या दिवशी लई भित्री होती, हात लावला की पळायची. मंग सोप्या सोप्या झुंजी दिल्या. एकावरून चौदा! चार दिवसांत!"

"मास्तर." महेबूबनं फोन त्यांच्यापुढं धरला. "बरोबरी कुठं गेली?"

"ते फोननं विचारलं ना, जुनी विद्या काढून नवी शिकवू का. मी बघितलं, बरोबरीच्या पुढं ताकद शून्य. शून्य मार्काच्या प्रश्नावर कामून येळ घालवायचा? काढून टाकली."

आता ह्या माणसाला काय म्हणावं? दोन वर्षं हा माणूस त्या स्टुलावर बसून पिद्दीची कथा ऐकत होता. निदान तीनशे वेळा ऐकली असेल. पण मास्तर मंडळी ऐकत कुठं असतात, ती फक्त आपली बोलायची पाळी येण्याची वाट बघतात. महेबूब त्यांना एवढा ओरडला की कमानीखालची पोरं वळून बघायला लागली.

"आवो, तुम्ही कुडातून जिता निघालेला माणूस! तुम्हाला समजू नये? तिचं कच्चेपण हेच तिचं हत्यार होतं! मी दोन वर्षं तिला काय शिकवलं न्हाई, दोन वर्षं! तुम्हाला चार दिवस राहवलं न्हाई?"

"मी शिकवलं तिला, महेबूबभाई," मास्तर दुखावून म्हणाले. "बिघडवलं न्हाई."

नवी पिद्दी मिळवायची तर अंडं उबवावं लागे आणि अंड्याला सात दिवस लागत. झुंज वीस मिनिटांवर होती. महेबूबनं मनतशाकडं बघितलं. ती खुर्चीवर बसून ओढणीचं टोक बोटाला गुंडाळत होती.

समोर आला धर्माबादचा मुज्तबा, मिरचीचा व्यापारी, तिशीचा. तो महेबूबच्या पाया पडायचाच बाकी होता. "चाचा, लातूरच्या पिद्दीचं लई ऐकलंय. आठवडा झाला, झोप न्हाई." त्यानं देवाचं नाव घेत आपला दगडी राक्षस उतरवला. महेबूबनं पिद्दी उतरवली. मुज्तबानं तिचा तुरा बघितला, लेव्हल बघितली, आणि त्याचा चेहरा हळूहळू उजळत गेला. "चाचा, हे काय केलं?" तो खरोखरच्या काळजीनं म्हणाला. मग त्यानं एक बटण दाबलं. पिद्दीनं शिकवल्याप्रमाणं पंख उघडले, वादळ काही उठलं नाही, वरून दगड पडला आणि ती गेली. उरलेले दोन प्राणी महेबूबनं कुणाच्या भरवशावर खेळवायचे? सगळं मिळून सहा मिनिटं लागली.

परतीच्या एसटीत तिघांना मागची लांब सीट मिळाली. खिडकीशी मनतशा, मध्ये महेबूब, पलीकडं मास्तर. महेबूब आतल्या आत चरफडत होता. मास्तरांची नुसती चप्पल दिसली तरी त्याला संताप येत होता. सरकारी कॉलेज, पांढरा कोट, दुकानातल्या आईबापांना सांगितलेलं सगळं, ह्या माणसाच्या हाताच्या खाजेपायी गेलं. आणि वर ह्यानं केळी घेतली होती आणि एक सोलून महेबूबच्या हातात दिलं होतं.

"मला काय ठाऊक, महेबूबभाई," मास्तर शेवटी म्हणाले. "पोरीनंच फोन पुढं ठेवला. म्हणली, सर, अब्बूंची पिद्दी लई कच्ची हाय, अजून पहिल्याच लेव्हलवर हाय. मी म्हणलं, दाखव."

एसटी अहमदपूरच्या स्टँडात शिरली. कंडक्टर दहा मिनिटं म्हणून ओरडला आणि माणसं चहाला उतरली. महेबूब हलला नाही. केळं त्याच्या हातात तसंच होतं. तो मनतशाकडं वळला.

"तू दिलास फोन?"

"हाव."

"शिकवा म्हणली तू त्यांना?"

"न्हाई. कच्ची हाय, एवढंच म्हणले." ती खिडकीबाहेर बघत होती. "तेवढं पुरतं सरांना."

"आन् लेव्हल वाढली की ताईत गळतो, हे ठाऊक न्हवतं तुला?"

"ठाऊक न्हाई कसं? रोज काउंटरमागं बसून तेच ऐकते की. समोरचा लई मोठा असला तर आपला जोर दाखवायचा न्हाई. त्याचा वार आधी येऊ द्यायचा."

महेबूबला एकदम सगळं उमगलं. सारी गल्ली ज्या पोरीला कच्ची म्हणत होती तिनं त्याला, त्याच्याच डावानं, त्याच्याच दुकानात बसून आडवं केलं होतं. मास्तरांना तर तिनं हात न लावता खेळवलं. संताप तर आलाच, आणि संतापाच्या मागून, त्याला नको असताना, छाती फुगावी असं काहीतरी वाटलं. त्यानं मोठ्या कष्टानं संतापच पुढं ठेवला.

"तोंड न्हवतं का तुला? सरळ सांगायचं की, मला बसायचं न्हाई!"

"सांगितलं. दिवाळीत सांगितलं. परीक्षेच्या आधी सांगितलं. रिझल्टच्या दिवशी सकाळी तर रडून सांगितलं. तुम्ही म्हणले, अजून एक वर्ष."

महेबूबला त्यातलं काही आठवेना. दिवाळीत गर्दी होती. परीक्षेच्या आधी पोरी रडतातच. त्यानं आधाराला मास्तरांकडं बघितलं.

"मलाबी सांगितलं होतं," मास्तर खाली बघून म्हणाले. "मी म्हणलं, एका वर्षानं काय होतंय."

चहावाला पोऱ्या खिडकीशी येऊन गेला. कुणी चहा घेतला नाही. महेबूबनं केळं मास्तरांच्या पिशवीवर ठेवलं.

"आन् मास्तरांनी हात लावला नसता तर? पिद्दी जिंकली असती तर काय करणार होतीस?"

"बसले असते."

"तिसऱ्यांदा?"

"अट घातली होती ना, अब्बू. जिंकली तर एक शब्द बोलणार न्हाई, म्हणले होते." ती हे एसटीची वेळ सांगावी तसं म्हणाली. "उद्या सकाळी सातला पहिला तास होता. पहिल्या धड्यापासून."

सकाळपासून महेबूब जे हरलं म्हणून जळत होता, ते जिंकलं असतं तर तो नांदेडहून पेढे घेऊन निघाला असता. सगळ्या गल्लीला वाटले असते. आणि ही पोर उद्या सातला दप्तर घेऊन गप उठली असती, वर्षभर गप बसली असती, आणि त्यानं तिच्या गप्प बसण्याला तयारी म्हटलं असतं. सहा मिनिटांत हरला म्हणून हे कळलं. नाहीतर कधी कळलं असतं?

ड्रायव्हर चढला. गाडी सुरू झाली. महेबूबनं खिशातला रुमाल काढून तोंड पुसलं, बराच वेळ पुसलं, आणि रुमालातूनच विचारलं, "ते उदगीरचं. फॉर्मची शेवटची तारीख कधी हाय?"

"उद्या. पाचपर्यंत."

"उद्या?" महेबूब सीटवरून उठायचाच बाकी राहिला. "उद्या! आन् हे तू मला आता सांगून राहिलीस?"